एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लब

(शाळेच्या क्रीडा-सप्ताहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, वाचकांसाठी थोडा वाढवून)

 

व्याख्यानाचा विषय अर्जेंटिनातील एक फुटबॉल क्लब असा मी कळविला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, "मास्तर, शाळेच्या व्यासपीठावर क्लबाचे काय काम?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या क्लबाच्या नावातच आहे. क्लबाचे नाव 'न्यूएल्स ओल्ड बॉईज'. मराठीत सांगायचे तर 'न्यूएल मास्तरांचे माजी विद्यार्थी'. स्पॅनिश बोलणाऱ्या देशात हे इंग्रजी नाव शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. तिथल्या लोकांना त्याचा उच्चार नीट जमत नाही म्हणून ते नुसते 'न्यूल्स' म्हणतात, पण नाव बदलावे असे त्यांच्या मनातही येत नाही. राजाचे, सेनापतीचे, गावाचे किंवा कारखान्याचे नाव घेतलेले क्लब जगात पुष्कळ आहेत. एका साध्या शिक्षकाचे नाव लावून चाळीस हजार माणसे मैदानात बसतात, असे मात्र फार थोड्या ठिकाणी घडते. आम्हा शिक्षकांना या गोष्टीचे अप्रूप वाटणे साहजिक आहे.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. रोझारिओ हे शहर राजधानी ब्युनॉस आयरेसपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर पाराना नदीच्या काठी वसलेले आहे. सांता फे प्रांतातले हे सर्वांत मोठे शहर, पण प्रांताची राजधानी हे नव्हे. तो मान सांता फे नावाच्याच दुसऱ्या शहराकडे आहे. अर्जेंटिनाचा निळा-पांढरा झेंडा जनरल बेलग्रानो यांनी २७ फेब्रुवारी १८१२ रोजी पहिल्यांदा फडकविला तो याच नदीकाठी. पुढे चे गव्हेरा यांचा जन्मही १९२८ साली इथलाच. तथापि रोझारिओ वाढले ते ना झेंड्यामुळे ना क्रांतीमुळे. ते वाढले धान्यामुळे. आतल्या सपाट मैदानी मुलखातील गहू-मका आगगाडीने बंदरावर यायचा आणि तिथून जहाजाने युरोपात जायचा. रोझारिओहून कोर्दोबाला जाणारा लोहमार्ग १८७० साली पुरा झाला. भांडवल इंग्रजांचे, इंजिनिअर इंग्रज, कारकून आणि तारवालेही बरेचसे इंग्रज. मजूर आले ते इटली आणि स्पेनमधून, बोटी भरभरून.

या गर्दीत १८६९ साली एक सोळा वर्षांचा मुलगा उतरला. त्याचे नाव आयझॅक न्यूएल. २४ एप्रिल १८५३ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात स्ट्रूड या गावी जन्मलेला. त्याला रेल्वेत तारायंत्रावर काम मिळाले. दिवसभर तारेची कटकट ऐकायची आणि फावल्या वेळी अभ्यास करायचा, असे करत करत तो शिकला आणि इंग्रजीचा शिक्षक झाला. १८८४ साली त्याने रोझारिओत स्वतःची शाळा काढली. व्यापारी शिक्षण देणारी इंग्रजी-अर्जेंटिनी शाळा, असे तिच्या नावातच होते. वाचकहो, तारेवर टकटक करणाऱ्या माणसाने एकतिसाव्या वर्षी शाळा काढावी, हे मला पुढे घडलेल्या सगळ्या विजेतेपदांपेक्षा मोठे वाटते. अर्थात हे माझे मत. न्यूल्सच्या पाठीराख्यांना ते पटणार नाही.

या शाळेत फुटबॉल हा शिक्षणाचाच भाग होता. अर्जेंटिनात आलेला पहिला कातडी फुटबॉल आणि खेळाच्या नियमांचे पुस्तक याच शाळेत १८८४ साली पोचले, असे न्यूल्सचे लोक अभिमानाने सांगतात. आपण ही गोष्ट थोडे मीठ कमी करून ऐकावी, कारण ब्युनॉस आयरेसमध्ये इंग्रज मंडळी १८६७ सालीच चेंडू खेळली होती, हे इतिहासात नमूद आहे. परंतु शाळेच्या वर्गातून खेळ पसरविणाऱ्यांत न्यूएल आघाडीवर होते, याबद्दल वाद नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. त्याच १८५३ साली ग्लासगोला आणखी एक मुलगा जन्मला. अलेक्झांडर वॉटसन हटन. तोही शिक्षकच झाला, तोही अर्जेंटिनात आला, आणि त्याच १८८४ साली त्यानेही ब्युनॉस आयरेसमध्ये इंग्लिश हायस्कूल काढले. अर्जेंटिनी फुटबॉलचे जनक म्हणून आज त्यांचेच नाव घेतले जाते. त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा 'अलम्नी' हा संघ १९०० ते १९११ या काळात दहा वेळा देशाचा विजेता ठरला. त्याच्यापुढे उभे राहण्याची कुणाची छाती नव्हती. आणि नंतर? नंतर तो संघ बंदच पडला. तो एका शाळेपुरता आणि हौशी खेळाडूंपुरता राहिला, आणि जुनी मुले वयाने थकल्यावर नवी यायची थांबली. दोन शिक्षक, एकाच सालचा जन्म, एकाच साली काढलेल्या शाळा. एकाचा विजयी संघ इतिहासजमा झाला, दुसऱ्याचा क्लब आज चालू आहे. फरक कुठे पडला, हे आपण पुढे पाहूच. (आपल्याकडे मुंबईत रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला, आणि अर्जेंटिनातली पहिली लीग खेळली गेली तीही १८९१ सालीच. इंग्रज जिथे गेला तिथे रूळ आणि चेंडू बरोबर घेऊन गेला.)

प्रकृती साथ देईना तेव्हा १९०० च्या सुमारास न्यूएल मास्तरांनी शाळा मुलाच्या, क्लॉडिओच्या, हाती सोपविली. या क्लॉडिओने आणि शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून ३ नोव्हेंबर १९०३ रोजी क्लब स्थापन केला. नाव द्यायची वेळ आली तेव्हा सर्वांना एकच नाव सुचले. क्लबाचे रंग लाल आणि काळा. ते शाळेच्याच बोधचिन्हावरून घेतलेले. लाल इंग्लंडच्या झेंड्यातला आणि काळा जर्मनीच्या झेंड्यातला, कारण न्यूएल यांची पत्नी ॲना मार्गारेटा ही मूळची तिकडची. म्हणजे एका शिक्षक दांपत्याचे माहेर-सासर त्या सदऱ्यावर आजपर्यंत चालत आले आहे! आयझॅक न्यूएल १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये वारले. आपल्या नावाचा क्लब चार वर्षांचा झालेला त्यांनी पाहिला.

आता दुसऱ्या बाजूचाही परिचय करून घेतला पाहिजे, कारण वैऱ्यावाचून अर्जेंटिनी क्लबाची गोष्ट पुरी होत नाही. रोझारिओतला जुना क्लब रेल्वे कामगारांचा. १८८९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी तो स्थापन झाला, आणि सुरुवातीला रेल्वेत नोकरी असेल त्यालाच तिथे प्रवेश. १९०३ साली, म्हणजे न्यूल्स जन्मले त्याच वर्षी, त्यांनी बाहेरच्यांना दार उघडले आणि 'रोझारिओ सेंट्रल' हे नाव घेतले. दोघांची पहिली गाठ १८ जून १९०५ रोजी पडली. शाळेच्या मुलांनी एका गोलाने सामना जिंकला. तेव्हापासून या शहरात जन्मलेल्या मुलाला चालता येण्याआधी एक प्रश्न विचारला जातो: तू कुठला? एकाच घरात बाप एका क्लबाचा आणि मामा दुसऱ्या क्लबाचा असला की रविवारचे जेवण कसे होत असेल, याची आपण कल्पना करावी.

या दोन क्लबांना जी टोपणनावे चिकटली आहेत त्यांचा किस्सा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १९२० च्या दशकात शहरातील कुष्ठरोग्यांच्या इस्पितळासाठी निधी जमवायचा म्हणून दोन्ही क्लबांना मदतीचा सामना खेळण्याची विनंती झाली. न्यूल्सने होकार दिला, सेंट्रलने नकार दिला. तेव्हा सेंट्रलवाल्यांनी न्यूल्सला 'लेप्रोसो', म्हणजे कुष्ठरोगी, म्हणून चिडविले, आणि न्यूल्सवाल्यांनी उलट 'कनाय्या', म्हणजे हलकट, म्हणून शिवी हासडली. कथेचे आणखीही पाठ आहेत. पण खरी गंमत पुढेच आहे. दोन्ही पक्षांनी आपापली शिवी उचलून छातीवर लावली. आज न्यूल्सचा पाठीराखा स्वतःला मोठ्या अभिमानाने 'लेप्रोसो' म्हणवून घेतो. ज्या रोगाच्या नावानेच माणसे दूर सरतात ते नाव एका शहराच्या अर्ध्या लोकांनी आपणहून धारण करावे, हे मला पुष्कळ बोलके वाटते.

पुढची तीसेक वर्षे मी भराभर ओलांडतो. १९०५ साली रोझारिओची स्वतंत्र लीग सुरू झाली. पहिलेच विजेतेपद न्यूल्सने मिळविले. १९११ च्या जुलैत शहराच्या मोठ्या बागेत, इंडिपेंडेन्सिया उद्यानात, क्लबाचे मैदान झाले आणि ते आजही तिथेच आहे. परंतु देशाच्या पातळीवर मोठी अडचण होती. १९३१ साली अर्जेंटिनात व्यावसायिक फुटबॉल सुरू झाले, पण त्यात सारे क्लब राजधानीचे, तिच्या आसपासचे आणि ला प्लाताचे. 'राष्ट्रीय' विजेता म्हणजे ब्युनॉस आयरेसचाच कुणीतरी विजेता. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या बाहेर काही घडतच नाही असे समजणारी मंडळी आहेत, तद्वतच हे. अखेर १९३९ साली न्यूल्स आणि सेंट्रल यांना बरोबरच प्रवेश मिळाला. राजधानीच्या वर्तुळाबाहेरून आलेले ते पहिले दोन क्लब. १९४१ साली न्यूल्स तिसरे आले. १९६० साली मात्र घसरगुंडी झाली, खालच्या वर्गात जावे लागले, आणि १९६४ साली पुन्हा वर आले. एवढे पुरे.

७० चे दशक मात्र असे ओलांडता येत नाही. १९ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, तोही राजधानीतल्या मैदानावर, रोझारिओचेच दोन क्लब समोरासमोर आले. सेंट्रलच्या आल्दो पेद्रो पोय याने पक्ष्यासारखी झेप घेऊन डोक्याने गोल केला, न्यूल्स हरले, आणि सेंट्रलने अंतिम सामनाही जिंकून राजधानी व तिच्या प्रांताबाहेरच्या क्लबाचे पहिले विजेतेपद पटकाविले. दरवर्षी त्या तारखेला सेंट्रलचे लोक जमतात आणि पोय यांच्याकडून तीच झेप पुन्हा मारून घेतात. रोझारिओचे थोर विनोदी लेखक आणि व्यंगचित्रकार रोबेर्तो फोंतानारोसा हे पक्के सेंट्रलवाले. त्यांनी त्या तारखेवर एक कथाच लिहून ठेवली. आता न्यूल्सवाल्यांच्या मनाची स्थिती काय असेल ते सांगायला नको. ही जखम अडीच वर्षे चिघळत राहिली.

२ जून १९७४ रोजी फेड झाली. विजेतेपदासाठी न्यूल्सला बरोबरी पुरेशी होती, परंतु सामना होता सेंट्रलच्या मैदानावर. सेंट्रलने दोन गोल केले. न्यूल्सने एक फेडला. शेवटची दहाएक मिनिटे उरली असताना मारिओ सानाब्रिआ याने डाव्या पायाने लांबून चेंडू मारला आणि तो जाळ्यात गेला. दोन-दोन! शत्रूच्या घरात, शत्रूच्या डोळ्यांदेखत, क्लबाचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले. क्लब स्थापन होऊन तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.

याच वर्षी, त्या सामन्याच्या दीड महिना आधी, १७ एप्रिल रोजी, आणखी एक नवल घडले. विश्वचषकाला निघालेल्या अर्जेंटिनाच्या संघाने सराव म्हणून रोझारिओत एक सामना ठेवला. समोर रोझारिओचा एकत्र संघ: पाच न्यूल्सचे, पाच सेंट्रलचे आणि अकरावा तोमास कार्लोविच नावाचा, शहरातल्या तिसऱ्या, लहान क्लबाचा खेळाडू. मध्यंतराला रोझारिओ तीन गोलांनी पुढे. शेवटी तीन विरुद्ध एक असा देशाचा संघ हरला. कार्लोविच कधी मोठ्या क्लबात रमला नाही, देशाच्या संघातही स्थिर झाला नाही. ज्यांनी त्याला पाहिले ते अजून त्याची आठवण काढतात. हुशार विद्यार्थी परीक्षेला मात्र बसत नाही, असा प्रकार प्रत्येक शिक्षकाच्या पाहण्यात असतो.

आता माझ्या व्याख्यानाच्या खऱ्या विषयाकडे वळतो. पैशाने न्यूल्स राजधानीच्या बोका आणि रिव्हर या धनाढ्य क्लबांशी स्पर्धा करू शकत नव्हते. मग त्यांनी केले काय? त्यांनी पुन्हा शाळा काढली; इमारतीची नव्हे, मुलांची. या कामाचे खरे कर्ते होर्खे ग्रिफा. जन्म १९३५, गाव कासिल्दा, रोझारिओजवळचे. न्यूल्समध्ये बचावपटू म्हणून नाव काढले, मग स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिदमध्ये दहा वर्षे खेळले. परत आल्यावर मोठ्या संघाचे प्रशिक्षक होणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते सोडून मुलांचे वर्ग हाती घेतले आणि वीस वर्षांहून अधिक काळ तेच काम केले. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले तेव्हा देशभरातल्या थोरामोठ्या खेळाडूंनी त्यांना गुरू म्हणून आदरांजली वाहिली.

त्यांना एक सहकारी मिळाला, मार्सेलो बिएल्सा. १९५५ साली रोझारिओतच जन्मलेला. घराणे कायदेपंडितांचे, आजोबा नामवंत विधिज्ञ, भाऊ पुढे देशाचा परराष्ट्रमंत्री, बहीण वास्तुविशारद आणि प्रांताची उपराज्यपाल. अशा घरातला मुलगा फुटबॉलच्या नादी लागला. न्यूल्सकडून काही थोडे सामने खेळला आणि पंचविशीतच खेळ सोडून शिकविण्याकडे वळला. या बिएल्साने अर्जेंटिनाचा नकाशा पुढ्यात घेऊन त्याचे सत्तर भाग पाडले आणि प्रत्येक भागात जाऊन मुले पाहायची असे ठरविले. वाहन कोणते, तर स्वतःची लहानशी फियाट. हजारो किलोमीटरचा प्रवास. राजधानीतल्या क्लबांकडे मुले आपण होऊन येत; न्यूल्स मुलांच्या गावी जात होते. अलम्नीच्या गोष्टीत मी म्हटले होते की फरक पुढे पाहू. तो मला इथे दिसतो. 'ओल्ड बॉईज' हे नाव ठेवूनही त्यांनी शाळेचे कुंपण केव्हाच काढून टाकले होते.

एका थंडीच्या रात्री ग्रिफा आणि बिएल्सा दक्षिणेकडच्या एका गावी असताना त्यांच्या कानावर आले की मर्फी नावाच्या खेड्यात एक चांगला पोरगा आहे. मध्यरात्र उलटून गेलेली. तरी ते मर्फीला गेले आणि शेतीत राबणाऱ्या त्या कुटुंबाचे दार ठोठावले. बाप डोळे चोळत आला. पोरगा तेरा-चौदा वर्षांचा, गाढ झोपलेला. त्याला न उठविता पाहुण्यांनी त्याचे पाय पाहिले आणि हे फुटबॉलपटूचे पाय आहेत असा निर्वाळा दिला. तो मुलगा म्हणजे मौरिसिओ पोचेत्तिनो, जो पुढे देशाकडून विश्वचषक खेळला आणि इंग्लंड-फ्रान्समधल्या बड्या क्लबांचा प्रशिक्षक झाला. ही हकिगत त्याने स्वतःच पुष्कळदा सांगितली आहे. गॅब्रिएल बातिस्तुता यालाही उत्तरेकडच्या रेकोंकिस्ता गावातून ग्रिफांनीच आणले. तेव्हा तो अंगाने जड आणि गोड खाण्याचा शौकीन. बिएल्साने त्याला पळवून पळवून हलका केला. शहर सोडून गावोगाव का हिंडायचे, हे ज्यांना कळत नाही त्यांनी या दोन नावांचा विचार करावा.

मेहनतीला फळ आले. १९८५-८६ ला दुसरा क्रमांक, १९८६-८७ ला पुन्हा दुसरा, आणि तोही एका गुणाने, आणि पहिले कोण, तर सेंट्रल! पण १९८७-८८ साली न्यूल्स विजेते झाले. प्रशिक्षक होसे युदिका हे स्वतः क्लबाचे जुने खेळाडू, आणि संघातले खेळाडू झाडून सारे क्लबातच वाढलेले. विकत आणलेला एकही नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे उदाहरण सापडणे कठीण. मग १९९० साली मोठ्या संघाची सूत्रे बिएल्साकडे आली. तेव्हा वर्षातल्या दोन अर्ध्या स्पर्धांचे विजेते एकमेकांशी लढून एकच विजेता ठरायचा. न्यूल्सपुढे बोका. रोझारिओत न्यूल्सने एका गोलाने जिंकले. ९ जुलै १९९१, देशाचा स्वातंत्र्यदिन, बोकाचे ते प्रसिद्ध मैदान, चिखल, आणि पन्नास हजारांची गर्जना. तिथे बोकाने एका गोलाने फेड केली. निकाल पेनल्टींवर गेला. गोलरक्षक स्कोपोनी भिंतीसारखा उभा राहिला आणि न्यूल्सने ३-१ ने सरशी केली.

पुढच्याच फेब्रुवारीत, १९९२ साली, दक्षिण अमेरिकेच्या चषकस्पर्धेत घरच्या मैदानावर सान लोरेन्सोने याच संघाला सहा गोलांनी धूळ चारली. सहा-शून्य! बिएल्साने स्वतःला हॉटेलच्या खोलीत कोंडून घेतले. मग खेळाडूंना बोलावून, आपण ठरविलेली पद्धत सोडायची की धरून ठेवायची, याचा त्यांच्याशी विचार केला. पद्धत धरून ठेवायची असे ठरले. त्यानंतर संघाने त्याच हंगामात देशाचे विजेतेपद मिळविले आणि खंडाच्या अंतिम सामन्यापर्यंतही मजल मारली. तिथे मात्र साव पावलोने पेनल्टींवर हरविले. १९८८ साली उरुग्वेच्या नासिओनालनेही अंतिम सामन्यात हरविले होते. तो चषक न्यूल्सच्या कपाटात अद्याप आलेला नाही. पण त्या संघाकडे दुसऱ्या दृष्टीने पाहा. त्यातले मार्तिनो, पोचेत्तिनो, बेरिस्सो हे तिघे पुढे मोठे प्रशिक्षक झाले. बार्सिलोना, टॉटनहॅम, मेक्सिको, चिली, पॅराग्वे, अमेरिका अशा ठिकाणी त्यांनी संघ शिकविले. एका वर्गातून इतके शिक्षक निघाले, असे मी म्हणेन.

१९९३ साली मॅराडोनाही थोड्या काळासाठी इथे येऊन गेला. पाच अधिकृत सामने खेळला. गर्दी झाली, फोटो निघाले, आणि तो गेला.

त्याच्या मागोमाग एक फार लहान मुलगा आला. लिओनेल मेस्सी, जन्म २४ जून १९८७, रोझारिओ. बाप पोलादाच्या कारखान्यात नोकरीला. पोरगा सहा-सात वर्षांचा असताना न्यूल्समध्ये दाखल झाला. १९८७ साली जन्मलेल्या मुलांच्या त्या संघाला लोक 'सत्त्याऐंशीचे यंत्र' म्हणत, इतका तो सहज जिंकायचा. परंतु हे पोरगे वाढेना. दहाव्या वर्षाच्या सुमारास डॉक्टरांनी वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्याचे निदान केले. उपाय होता: रोज रात्री पायात सुई, आज एका पायात, उद्या दुसऱ्या. महिन्याचा खर्च हजार डॉलरच्या आसपास सांगतात. काही काळ बापाच्या नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्य-योजनेने आणि कारखान्याच्या प्रतिष्ठानाने तो सोसला. मग देशाची आर्थिक घडी विस्कटू लागली. क्लबाने मदत कबूल केली होती. प्रत्यक्षात किती दिली यावर कुटुंबाचे म्हणणे एक आणि क्लबाच्या तेव्हाच्या माणसांचे दुसरे. मी त्या वादात शिरत नाही. निष्पत्ती आपल्याला ठाऊक आहे: सप्टेंबर २००० मध्ये तेरा वर्षांचा मुलगा बापाबरोबर बार्सिलोनाला गेला, आणि डिसेंबरमध्ये तिथल्या अधिकाऱ्याने कागदी हातरुमालावर त्याला घेण्याचे वचन लिहून दिले. तो रुमाल मे २०२४ मध्ये लिलावात साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. ज्या मुलाच्या औषधाला पैसे जमत नव्हते त्याच्या नावाच्या कागदाची ही किंमत!

वाचकहो, न्यूल्सच्या इतिहासात मला सर्वांत जास्त टोचते ते हेच पान. ज्या क्लबाने मध्यरात्री खेड्यात जाऊन मुले शोधली, त्याच क्लबाच्या अंगणातले मूल औषधाच्या खर्चापायी हातातून गेले. मूल शोधणे हे अर्धे काम. त्याचा खर्च कोण सोसणार, हे उरलेले अर्धे. जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी आपल्या संस्थेच्या कचेरीत बसणाऱ्या मंडळींना हा प्रश्न मी समजावून सांगायची गरज नाही. आणि मेस्सी निदान बार्सिलोनाला पोचला. ज्यांना क्लबाने घेतले, दोन वर्षे खेळविले आणि मग घरी पाठविले, अशी किती मुले खेड्यांत परतली असतील, त्यांची नावे कुठेच छापलेली नसतात.

तो काळच क्लबाचा कठीण होता. अर्जेंटिनातले क्लब हे कुणा शेठजीच्या मालकीचे नसतात. ते सभासदांचे असतात, आपल्या शिक्षणसंस्थेसारखेच. वर्गणी भरणारा सभासद मत देतो आणि कार्यकारी मंडळ निवडतो. नियम चांगला आहे, पण तो पाळला तर! न्यूल्समध्ये १९९४ पासून २००८ पर्यंत चौदा वर्षे एकच अध्यक्ष राहिले आणि निवडणूकच झाली नाही. कोर्टकज्जे झाले, कर्जाचा बोजा वाढला, सुविधा ढासळल्या. याच काळात २००४ साली एक विजेतेपद मिळाले हे खरे. पण विजयाच्या गुलालात हिशेबाच्या वह्या झाकल्या जातात, हे आपल्याला काही नवे नाही. शेवटी सभासदांनी लढा चालू ठेवला आणि डिसेंबर २००८ मध्ये मतदान होऊन नवे मंडळ आले. पुढच्याच वर्षी मैदानाला बिएल्साचे नाव देण्यात आले. २०१३ साली मार्तिनोच्या हाताखाली सहावे विजेतेपद आले, आणि त्याच वर्षी मार्तिनोला बार्सिलोनाने बोलावून नेले. २०२३ च्या अखेरीस देशात आलेल्या नव्या सरकारने क्लबांचे रूपांतर खाजगी कंपन्यांत करण्याची वाट मोकळी करावी असा आग्रह धरला, आणि देशाच्या फुटबॉल संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. न्यूल्सच्या चौदा वर्षांकडे बोट दाखवून दोन्ही बाजूंना आपापला मुद्दा मांडता येतो. मला स्वतःला असे वाटते की वाईट मंडळ मताने काढता येते. मालकाला काढता येत नाही.

एक कटू गोष्ट न लपविता सांगितली पाहिजे. थट्टेतून निघालेल्या टोपणनावांच्या या शहरात वैराने थट्टेची हद्द केव्हाच ओलांडली. पाठीराख्यांच्या टोळ्या, त्यांचे अमली पदार्थांच्या धंद्याशी लागेबांधे आणि खून, यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत रोझारिओचे नाव फार खराब केले. मार्च २०२३ मध्ये तर मेस्सीच्या सासरच्या मंडळींच्या दुकानावरही रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. २०१३ साली देशात पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना मैदानात येण्याचीच बंदी करण्यात आली. १९७४ साली सानाब्रिआचा गोल पाहायला न्यूल्सचे लोक सेंट्रलच्या मैदानात बसले होते, हे तिथल्या आजच्या मुलांना दंतकथेसारखे वाटत असेल.

२५ नोव्हेंबर २०२० रोजी मॅराडोना वारला. चार दिवसांनी बार्सिलोनाकडून खेळताना मेस्सीने गोल केला, अंगातला सदरा काढला, आणि आत होता न्यूल्सचा लाल-काळा, दहा क्रमांकाचा सदरा. पंचांनी नियमाप्रमाणे त्याला पिवळे कार्ड दाखविले. वीस वर्षांपूर्वी औषधासाठी गाव सोडलेल्या मुलाने तो सदरा सांभाळून ठेवला होता.

बिएल्साने आपली आठवण वेगळ्या रीतीने ठेवली. क्लबाच्या बेल्ला व्हिस्ता येथील सराव-मैदानावर खेळाडूंना राहण्यासाठी चांगली जागा नव्हती. परदेशात संघ शिकवून मिळविलेल्या पैशांतून सुमारे पंचवीस लाख डॉलर त्याने क्लबाला दिले, आणि २०१८ च्या सुमारास तिथे निवासाची इमारत उभी राहिली. आराखडा त्याच्या वास्तुविशारद बहिणीने केला. बांधकामाची लहानसहान गोष्टही तो स्वतः बारकाईने पाहत असे. हे आपण क्लबाचे देणे फेडतो आहोत, दान नव्हे, अशीच त्याची भूमिका होती. खेळाडू आता तिथे राहतात.